काचपेटीतील शेवाळ आणि कोळंबी

घरी काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्या गृहस्थाची पहिली तक्रार माशांबद्दल नसते, शेवाळाबद्दल असते. काचेवर हिरवा थर धरतो, पाणवनस्पतींच्या पानांवर केसांसारखे धागे लोंबू लागतात. घासून काढावे, तर आठ दिवसांत स्वारी पुन्हा हजर!

जपानमधील निइगाता प्रांतातले छायाचित्रकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) काचपेटीत पाणवनस्पतींचे बगीचे फुलवीत. त्यांनाही हीच अडचण होती. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी गोड्या पाण्यातली एक कोळंबी या कामाला लावली. शास्त्रज्ञांना ती १८६० पासून ठाऊक होती. कॅरिडिना मल्टिडेंटाटा हे तिचे आजचे शास्त्रीय नाव. हौशी मंडळी मात्र तिला आमानो कोळंबीच म्हणतात. लांबी दीड-दोन इंच, अंग काचेसारखे पारदर्शक, बाजूंवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा. पुढच्या पायांना बारीक चिमटे असतात अन् त्यांच्या टोकाला केसांचे झुपके. त्या झुपक्यांनी ती दिवसभर शेवाळ खरवडून तोंडात घालते. पण माशांचे खाणे आपण सढळ हाताने टाकू लागलो, की बाई शेवाळाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आयते ताट कुणाला नको असते?

आता माझी चूक सांगतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून मी पाणी रात्रभर भरून ठेवीत असे. एकदा बादली रिकामी नव्हती, म्हणून तांब्याच्या हंड्यात ठेवले. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो ना! ते पेटीत ओतले, आणि संध्याकाळपर्यंत आठांपैकी पाच कोळंब्या आडव्या झाल्या. मासे मात्र मजेत होते. गंमत अशी, की कोळंबीच्या रक्तातच तांबे असते. आपल्या रक्तात लोह प्राणवायू वाहते, तिच्यात तेच काम तांबे करते. तरीही पाण्यात विरघळलेले तांबे अगदी थोडे असले, तरी तिला विष ठरते. माशांच्या काही औषधांतही ते असते, तेव्हा बाटलीवरचा मजकूर आधी वाचावा.

पेटीत कोळंबीचे रिकामे कवच दिसले तर घाबरू नका. तिने कात टाकलेली असते. ते कवच तसेच राहू द्या, ती ते खाऊन टाकते.

मादी हजार-दीड हजार अंडी पोटाखाली धरते, पण गोड्या पाण्यात तिची पिल्ले चार-सहा दिवसांपलीकडे जगत नाहीत. निसर्गात ओढ्याचे पाणी त्यांना समुद्राकडे नेते. खाऱ्या पाण्यात ती वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध चढून परत येतात. उरलेल्या तिघींपैकी एकीच्या पोटाखाली सध्या अंडी दिसताहेत. मी सागरी मिठाच्या पाण्याची एक बरणी उन्हाच्या खिडकीत ठेवली आहे. पिल्लांना सूक्ष्म शेवाळ लागते, म्हणून ते पाणी हिरवे होण्याची वाट पाहतो आहे.