चालणाऱ्यांचा रस्ता : माहुलच्या निमित्ताने

रस्ता म्हणजे केवळ डांबर आणि फुटपाथ नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९२४ साली वायकोमला सुरू झालेल्या सत्याग्रहाची मागणी देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालू द्या, एवढीच होती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषदेसाठी जमलेली माणसे चवदार तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा तो रस्ताही त्या लढ्याचा भाग झाला. आजच्या महानगरात पाटी लावून कोणी आपली वाट अडवीत नाही. ते काम नियोजनाचा नकाशा करतो. कसे, ते माहुलला गेल्यावर कळते.

तानसाहून मुंबईला पाणी आणणारी जलवाहिनी पूर्व उपनगरांमधून जाते. तिच्या कडेला घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला येथे कष्टकऱ्यांच्या वस्त्या होत्या. पाण्याच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंचा दहा-दहा मीटरचा पट्टा मोकळा करावा, असा उच्च न्यायालयाचा आदेश झाला. पाणी सुरक्षित असावे याबद्दल वाद नाही. परंतु २०१७ च्या सुमारास तेथील हजारो कुटुंबे चेंबूरपलीकडे माहुलच्या इमारतींत पाठवली गेली आणि मोकळ्या होणाऱ्या पट्ट्यावर महापालिकेने ३९ किलोमीटरच्या सायकलमार्गाची योजना जाहीर केली.

माहुलला लागूनच तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या आहेत. तेथील हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नमूद केले होते. तरीही माणसे तेथेच पाठवली गेली. पुढे रहिवाशांनी लढा दिला, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणखी कुटुंबे तेथे पाठवण्यास मनाई केली.

हा प्रश्न प्रदूषणाचा आहे, तसाच चालण्याचाही आहे. माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, सायकलवर बारा-पंधरा किलोमीटर जातो. म्हणजे अर्ध्या तासाच्या हिशेबाने पायी जाणाऱ्याचे जग दोन-अडीच किलोमीटरचे आणि सायकलवाल्याचे सहा-सात किलोमीटरचे. घाटकोपरला चार घरची धुणीभांडी करणारी बाई याच हिशेबावर संसार चालवते. तिचे घर माहुलला नेले की तिची कामे वर्तुळाबाहेर जातात. मग बसचे भाडे मजुरीतून जाते, नाहीतर काम सुटते. मुलांच्या शाळेचेही तेच होते. म्हणून पादचाऱ्यांचे नियोजन घर कोठे द्यायचे या प्रश्नापासून सुरू होते. ज्यांचे चालणेच संपवले, त्यांच्या जुन्या जागेवरचा सायकलमार्ग कितीही लांब असला तरी त्यांच्या कामाचा नाही.

मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचे आढळले होते. पण पैसा उड्डाणपुलांवर जातो. चालणाऱ्यांच्या वाट्याला २००८ पासून स्कायवॉक आले, म्हणजे रस्ता गाड्यांना सोडून माणसाने जिने चढावे! वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सायकलमार्गावर तर गाड्याच उभ्या राहू लागल्या. रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट हवी. ती जागोजागी तुटते. जाळे म्हणजे सलगता. दहातला एक दुवा तुटला, तर म्हातारीला आणि पोरालाही टँकरच्या वाटेत उतरावे लागते.

खरे जाळे आखायचे असेल, तर आरंभ माहुलसारख्या टोकाच्या वस्तीपासून करावा. तेथून कुर्ला आणि चेंबूर स्थानकापर्यंत सलग फुटपाथ हवा, टँकरच्या वाटेपासून कठड्याने वेगळी केलेली सायकलची वाट हवी. रस्ता जमिनीवरूनच ओलांडता यावा. दिवे, सावली आणि बायकांसाठी वाटेत स्वच्छतागृह असावे. स्थानकावर कामगाराची जुनी सायकल सुरक्षित ठेवण्याची सोय असावी. फेरीवाल्याला हटवून नव्हे, त्याची जागा आखून वाट रुंद करावी. आणि पुनर्वसनाच्या प्रत्येक आदेशात घर आणि रोजगार यांतले अंतर किती, हे आधी लिहावे.

हे काही जगावेगळे मागणे नाही. वाहने नव्हे, माणसे हलवावीत, हे केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणाचेच म्हणणे आहे. त्या माणसांत माहुलचा माणूस धरला आहे का, एवढेच आपल्याला विचारायचे आहे. पुढचा नकाशा सूचना-हरकतींसाठी उघडेल, तेव्हा आपल्या वस्तीपासून कामापर्यंतची वाट त्यावर बोट ठेवून शोधावी. ती सापडली नाही, तर त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवावी.