न उतरणारा ताप आणि लपलेला कर्करोग

तीन आठवड्यांहून अधिक काळ ताप वारंवार १०१ अंश फॅरनहाइटच्या वर जात असेल आणि तपासण्या करूनही कारण सापडत नसेल, तर डॉक्टर त्याला अज्ञात कारणाचा ताप म्हणतात. पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ मध्ये अशा १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ३६ जणांना जंतुसंसर्ग निघाला, तर १९ जणांना कर्करोग. असा ताप बहुतेकदा कर्करोगाचा नसतो, पण ती शंका सोडून देण्याइतकी क्षुल्लकही नाही.

कर्करोगाच्या पेशी आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-६ सारखी रसायने रक्तात सोडतात. त्यांमुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि ताप चढतो. मुळात जंतूच नसल्याने अँटिबायोटिकचा या तापावर उपयोग होत नाही. लिम्फोमा, ल्युकेमिया, मूत्रपिंडाचा आणि यकृताचा कर्करोग यांत तो विशेष दिसतो.

यांत सर्वाधिक फसवा लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. संध्याकाळचा ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त घटलेले वजन आणि मानेत न दुखणारी गाठ, ही त्याची लक्षणे. आपल्याकडे हे ऐकताच पहिले नाव येते ते टीबीचे, आणि टीबी इतका आढळतो की तसे वाटणे चूकही नाही. चूक होते ती पुरावा न मिळवता टीबीचा कोर्स सुरू करून महिनोन्‌महिने वाट पाहण्यात. सुईने काढलेल्या थोड्याशा पेशींवरून लिम्फोमाचे निदान पुष्कळदा पक्के होत नाही. शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढून बायोप्सी करावी लागते. त्याआधी स्टेरॉइड दिले तर ताप उतरतो, गाठही आक्रसते आणि बायोप्सीत रोग ओळखणे अवघड होते. ताप गेल्याच्या समाधानात मोलाचा काळ हातचा जातो.

बाहेरून गाठ लागत नसेल, तर रक्ततपासण्यांनंतर पोट-छातीचा सीटी स्कॅन आणि गरजेनुसार अस्थिमज्जेची तपासणी करतात. पेट-सीटीमध्ये जास्त ग्लुकोज शोषणारे भाग उजळ दिसतात. टीबीची गाठही तशीच उजळते, त्यामुळे बायोप्सी टळत नाही. मात्र तुकडा नेमका कुठून घ्यायचा हे त्यावरून ठरवता येते.