जिप्समच्या भिंतीवर फळी : वजन कोण पेलणार?

नव्या दुकानांत विटांच्या भिंतीऐवजी जिप्सम बोर्डाचे पार्टिशन सर्रास दिसते. काम झटपट होते, जागाही वाचते. अडचण येते ती मालाची फळी लावताना. बोर्ड साधारण १२.५ मिलिमीटर जाडीचा आणि आतून ठिसूळ. विटेत घट्ट बसणारी प्लॅस्टिकची गिट्टी येथे वजन पडताच निसटते. माल फुटतो, गिऱ्हाइकाला इजा होऊ शकते आणि कारागिराचे नाव जाते ते वेगळेच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की भार बोर्डावर टाकू नये, आतल्या सांगाड्यावर टाकावा. पत्र्याचे उभे चॅनल बहुधा दोन-दोन फुटांवर असतात. भिंतीवर लोहचुंबक फिरवावा; उभ्या रेषेत स्क्रू लागले की तेथे चॅनल आहे असे समजावे. ब्रॅकेट तेथेच कसावे. फळी जितकी रुंद, तितका वरच्या स्क्रूवर ताण अधिक. तेव्हा ब्रॅकेटची उभी बाजू लांब घ्यावी.

मात्र कापडाचे तागे, भांडी, हत्यारे असा जड माल ठेवायचा असेल, तर पातळ पत्र्यावरही विसंबू नये. भिंत बंद होण्यापूर्वीच फळीच्या उंचीवर १८ मिलिमीटरचे प्लायवूड चॅनलमध्ये आडवे बसवून घ्यावे. व्यापारी बंधूंनी फळ्यांच्या जागा कारागिराला आधीच दाखवाव्यात. भिंत बंद झाल्यावर हेच काम दुप्पट कटकटीचे होते.