ईव्हीच्या चार्जिंग स्टेशनसाठी सरकार पैसे का देतं?

‘गाडी घेऊ, पण चार्ज कुठे करायची?’ ईव्हीच्या गप्पा बहुतेक वेळा इथेच अडतात. चार्जर बसवणाऱ्याचा प्रश्न उलटा असतो: रस्त्यावर गाड्याच नाहीत, तर मशीन लावून कमावणार काय? कोंबडी आधी की अंडं, असा हा पेच सोडवायला सरकार मध्ये पडतं.

केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी रुपये चार्जिंगसाठी आहेत. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या या योजनेचं लक्ष्य आहे कारसाठी २२,१००, बससाठी १,८०० आणि दुचाकी-तीनचाकींसाठी ४८,४०० चार्जर.

हा पैसा नेमका कशावर जातो?

खर्च नुसत्या मशीनचा नसतो. फास्ट चार्जरसाठी ट्रान्सफॉर्मर, जाड केबल, जास्त लोडचं कनेक्शन लागतं. दिवसभर एकही गाडी आली नाही, तरी बिलातला स्थिर आकार चुकत नाही. म्हणूनच सरकारी कार्यालयं, रुग्णालयं, शिक्षणसंस्था यांच्या आवारात सर्वांसाठी खुलं स्टेशन असेल तर १०० टक्के अनुदान मिळतं. मॉल, मार्केटमध्ये मात्र वीजजोडणीच्या खर्चाच्या ८० टक्केच. मशीन ज्याचं त्याने घ्यायचं.

त्यापेक्षा गाडीच स्वस्त केली तर?

अमेरिकेतल्या २०११ ते २०१३ मधल्या विक्रीचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. ग्राहकांना दिलेल्या करसवलतीचा पैसा चार्जिंग स्टेशनांवर खर्च केला असता, तर विक्रीवर दुपटीहून जास्त परिणाम झाला असता, असं त्यात दिसलं. कारण सुरुवातीचे ग्राहक किमतीला फारसे बिचकत नव्हते. आपल्याकडच्या ग्राहकाबद्दल हे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलंय. त्याने मुंबई-कोल्हापूर प्रवासाची धास्ती कमी होईल. पण रोजचं चार्जिंग महामार्गावर होत नाही, ते होतं पार्किंगमध्ये. घरच्या मीटरवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या सूचनांनुसार मुभा आहे. तरी मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर न्यायची म्हटलं की काही सोसायट्या एनओसीसाठी खळखळ करतात.

आणि चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहून रस्त्याकडेला स्कूटर लावणाऱ्यांकडे तर वायर न्यायलाही जागा नाही. सार्वजनिक चार्जरची खरी गरज त्यांना आहे. मॉलमधला चार्जर त्यांच्या रात्रीच्या चार्जिंगच्या काय कामाचा?