‘समुपदेशकांना भेट’ म्हटलं की काम संपतं का?

सेमिस्टरच्या मध्यावर एखाद्याची हजेरी घसरते, जर्नल अपुरं राहतं, पुढच्या बाकावरचा मुलगा मागे जाऊन गप्प बसू लागतो. घरच्यांच्याही आधी हे प्राध्यापकांना दिसतं. पुढे काय करायचं, याबद्दल मात्र स्टाफरूममध्ये काही समज घट्ट बसले आहेत.

गैरसमज: हे शिक्षकाचं काम नाही.
वस्तुस्थिती: उपचार करणं नाही, पण योग्य माणसापर्यंत पोहोचवणं नक्कीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ मधल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवा. धोक्याची लक्षणं ओळखण्याचं प्रशिक्षणही सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मिळायला हवं.

गैरसमज: समुपदेशकांचा नंबर दिला की झालं.
वस्तुस्थिती: ‘बघतो सर’ म्हणत चिठ्ठी खिशात जाते आणि तिथेच राहते. ‘आत्ताच फोन लावू या का?’ असं विचारा. विद्यार्थी हो म्हणाला तर समोरच वेळ ठरवा, पहिल्यांदा दारापर्यंत सोबत जा. आठवड्याने पुन्हा चौकशी करा.

गैरसमज: अभ्यासात मागे पडलेल्या प्रत्येकाला समुपदेशनच हवं.
वस्तुस्थिती: अनेकदा अडचण पैशांची असते. खोलीभाडं भागवायला रात्री काम करणारी मुलगी सकाळच्या तासाला कशी येणार? तिला कमवा व शिका योजना सांगा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कधी कधी महाविद्यालयाच्याच लॉगिनमध्ये तपासणीविना पडून असतो. विद्यार्थी खिडकीवर खेटे घालत राहतो. प्राध्यापकांनी ऑफिसात जाऊन विचारलं तर अर्ज लवकर पुढे सरकू शकतो. एवढं तरी करायलाच हवं.

गैरसमज: आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार डोक्यात भरतो.
वस्तुस्थिती: तसं होत नाही. शांतपणे, सरळ विचारलं तर मनातलं बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर विद्यार्थ्याला एकटं सोडू नका आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लगेच समुपदेशकांना बोलवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका वाटला तर ११२ लावा.

येत्या सत्राच्या पहिल्याच तासाला समुपदेशकांची खोली, त्यांची वेळ, शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव आणि १४४१६ हे सगळं फळ्यावर लिहा, आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा.