पोळ्याला निघालेली फाइल

हार्ड डिस्कला एखादा बारकासा तुकडा शोधून आणायला सरासरी १२ मिलिसेकंद लागतात. पापणी लवायला याच्या दहापट वेळ जातो, त्यामुळे हा आकडा ऐकून कुणी दचकत नाही. पण तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या साध्या प्रोसेसरचे ३ कोटी ६० लाख ठोके पडून गेलेले असतात, आणि त्यांतले बहुतेक फुकट.

हे डोक्यात उतरवायचं तर काळ ताणावा लागतो. एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, आपल्या एका सेकंदाएवढा धरू. या मापाने प्रोसेसरच्या पोटातल्या कॅशमधली वस्तू सेकंदाभरात हाती येते. रॅममधली आणायला साधारण शंभर सेकंद, म्हणजे शेजारून विरजण मागून आणण्याइतका वेळ. एसएसडीकडे पाठवलेला माणूस एक दिवस आणि वर पावणेचार तासांनी परततो. आणि हार्ड डिस्ककडे पाठवलेला? १३९ दिवसांनी. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, होते. त्या दिवशी निघालेला माणूस फाइल घेऊन येतो तो संक्रांतीच्या आगेमागे. आणली किती, तर ४ किलोबाइट. विंडोज सुरू होताना अशा हजारो खेपा होतात.

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून हेच पांढुर्णा आणि सौसर वेगळे होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा जिल्हा झाला. इथे खसरा-खतौनी (जमिनीच्या नोंदी), समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख क्रमांक), जातीचा दाखला यांसाठी माणसं जातात ती ऑनलाइन केंद्रांवर, आणि अशा ठिकाणी पुष्कळदा टेबलाच्या कोपऱ्यात एक चपटा डबा असतो. वीतभर लांब, वीतभर रुंद, आतली जागा जेमतेम एक लिटर. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले असले छोटे डेस्कटॉप नागपूरच्या बाजारातून इकडे येतात. वर्षभरात तक्रार सुरू होते, ‘हँगच होऊन राहिला ना भाऊ.’ दोष दिला जातो प्रोसेसरला. तो बिचारा संक्रांतीची वाट पाहत बसलेला असतो.

डिस्क मुळात आळशी नाही. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. साडेतीन इंची तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटरने धावते आणि वाचणारं डोकं तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंतर समजा. तरीही डोकं योग्य रेघेवर न्यायला सात-आठ मिलिसेकंद जातात, आणि हवा तो तुकडा फिरत खाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे आणखी चार. लोखंडाला वस्तुमान असतं, त्यापुढे इलाज नाही. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंची ५० तबकड्या, वजन टनाच्या वर, क्षमता ५० लाख अक्षरं आणि एका खेपेला सुमारे ६०० मिलिसेकंद. आज २० टेराबाइटची डिस्क तळहातावर मावते. क्षमता चाळीस लाख पट वाढली, पण वाट पाहणं कमी झालं ते जेमतेम पन्नास पट. संगणकाच्या इतिहासातली इतकी लंगडी प्रगती मला तरी दुसरी आठवत नाही.

तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या नॅन्ड फ्लॅशने, म्हणजे एसएसडीच्या आतल्या चिपने, हा लंगडेपणा संपवला, कारण तिच्यात फिरणारं काहीच नाही.

आता एसएसडीच्या खोक्यावरच्या आकड्यांकडे. साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीवर सेकंदाला ५५० मेगाबाइट लिहिलेलं असतं, एनव्हीएमई या नव्या जोडणीच्या पट्टीवर ३५०० किंवा ७०००. हे आकडे खरे आहेत आणि दुकानात तेच दाखवले जातात, पण ते एका सलग मोठ्या फाइलचे. जुनी डिस्कसुद्धा सलग वाचताना सेकंदाला दीडशे मेगाबाइट देते. विखुरलेले तुकडे वेचायला लावले की तीच डिस्क सेकंदाला ऐंशी खेपा करते, म्हणजे ३२० किलोबाइट. साडेचारशे पटींची घसरण! साधी साटा एसएसडी अशा दहा हजार खेपा करते. म्हणून हार्ड डिस्क काढून कुठलीही बऱ्यापैकी एसएसडी टाकली की डबा बदलल्यासारखा वाटतो, आणि साटावरून एनव्हीएमईवर गेलं की दाखल्याचा फॉर्म भरणाऱ्याला फरक कळतही नाही. माझ्या मते तिथले जास्तीचे पैसे रॅममध्ये घालावेत.

रॅमचा कारभार वेगळ्याच अर्थाने चक्रावणारा आहे. ८ जीबीच्या बोटभर पट्टीत ६८७१ कोटी कप्पे असतात, भारतातल्या दर माणसामागे जवळपास ४७. भरलेल्या प्रत्येकात हजारो इलेक्ट्रॉन कोंडलेले, आणि ते गळतात. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत एकूण एक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो, सेकंदाला पंधराहून अधिक वेळा, तुम्ही चहाला गेलात तरी. ‘पांढुर्णा’ हा शब्द साठवायला २७ बाइट लागतात, म्हणजे २१६ कप्पे. ८ जीबीत तो ३१ कोटींपेक्षा जास्त वेळा मावेल.

पण मावणं संपलं की खरी गंमत. ४ जीबीच्या यंत्रावर विंडोज, ब्राउझरचे दहा टॅब आणि स्कॅनर एकदम चालू झाले की जागा पुरत नाही, आणि रॅममधला माल उचलून डिस्कवर ठेवला जातो. शंभर सेकंदांचं काम १३९ दिवसांवर गेलं, १ लाख २० हजार पट. हँग म्हणतात ते बहुधा हेच. ८ जीबी केली की हे थांबतं. ८ची १६ केल्यावर मात्र, जागा भरतच नसेल तर, काहीही होत नाही. एवढंच पाहावं की दोन खाचा असतील तर एकीऐवजी दोन सारख्या पट्ट्या घालाव्यात. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट पुरवते, दोन मिळून ५१.२. या छोट्या डब्यांत चित्र काढणारी चिपही त्याच रॅमवर जगते. पट्ट्या लॅपटॉपच्या मापाच्या लागतात, मोठ्या डेस्कटॉपची पट्टी इथे बसत नाही.

एवढं करूनही दाखल्याचं पान गोल गोल फिरत राहिलं तर डबा उघडू नये. नेटवरून सर्व्हरपर्यंत जाऊन यायला ३० मिलिसेकंद लागले तरी आपल्या मापात ते ३४७ दिवस होतात, आणि पोर्टलने उत्तराला दोन सेकंद घेतले तर ६३ वर्षं.