काहून लाजाचं बाप्पा!

बार्शीटाकळीच्या कालंका देवी मंदिरातला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे साडेआठशे वर्षांपूर्वीचा. राजाने काय कोरवून घेतलं ते त्यातून कळतं. देवळाबाहेरच्या ओट्यावर तेव्हा लोक काय बोलत होते, ते मात्र कोणी कोरून ठेवलं नाही. आज त्या परिसरात कान द्यावा, तर ऐकू येतं: "काहून बाप्पा, तूर सोंगून झाली काय?" "कुठची! मजूरच भेटून नाई रायले."

ही वऱ्हाडी. तिच्यात 'डोळा' 'डोया' होतो, 'पाणी' 'पानी' होतं आणि 'मला'चं 'मले' होतं. 'येजो', 'सांगजो' यांतल्या 'जो'मध्ये आज्ञेपेक्षा आर्जव जास्त. 'करून रायला' ही रचना हिंदीच्या शेजाराची आठवण देते. हा शेजार कारभारातही होता. निजामाकडचा वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत त्याची सरकारी वाट मुंबईकडे नव्हे, नागपूरकडे जात होती. पुण्याच्या मराठीने या सगळ्याला 'अशुद्ध' म्हटलं. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात मात्र वऱ्हाडीची रीतसर नोंद आहे. म्हणजे परक्या साहेबाला जिचं व्याकरण दिसलं, तिच्यात घरच्या मास्तरांना चुका दिसत राहिल्या.

पुढे बोलीला टाळ्या मिळाल्या, पण बहुतेक हसण्याच्या वाटेने. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या 'मिर्झा एक्स्प्रेस'ने गावोगावचे मंडप भरवले. वऱ्हाडी ही कोण्या एका धर्माची मिरास नाही, हेही त्यांच्यामुळे सहज ठसलं. भारत गणेशपुरे यांनी तोच हेल दूरचित्रवाणीवरून मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत नेला. (लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' अनेकजण याच खात्यात जमा करतात. ते वऱ्हाड लग्नाचं आणि बोली मराठवाड्याची!) या मंडळींचं ऋण मोठं आहे. अडचण प्रेक्षकांच्या सवयीची. वऱ्हाडी माणसाने तोंड उघडलं की विनोद होणारच, असं ते धरून चालतात.

याच बोलीने दुःख पेललं आहे, तेही अंगावर काटा येईल असं. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. त्यातली कौतिक संसार ओढता ओढता जे बोलते, ते प्रमाण मराठीत घातलं तर तिच्या तोंडचं राहणारच नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज, दारू, नवससायास, सगळ्याची झडती वऱ्हाडीतून. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'ने २००९ मध्ये शेतकरी आत्महत्यांचा विषय मांडला, तेव्हा शीर्षकालाच वऱ्हाडी शिवी घेतली. पावसाला इतक्या जवळिकीने शिवी देणं दुसऱ्या बोलीत जमलं असतं का, शंका आहे.

विठ्ठल वाघ यांच्या कवितेचा प्रवास या बाबतीत बोलका आहे. संग्रहावर 'काया मातीत मातीत' असं ठसठशीत वऱ्हाडी नाव. पण १९८१ च्या 'अरे संसार संसार' चित्रपटातून गाणं महाराष्ट्रभर पोचलं ते 'काळ्या मातीत' होऊन. लोकप्रियतेची जकात एका अक्षरात वसूल झाली.

शब्दांची खरी गळती मात्र शिवारात आहे. तिफन, सरता, डवरा, धुरा, पऱ्हाटी हे शब्द कामाला जुंपलेले होते. पेरणी ट्रॅक्टरवर गेली की सरत्यावर मूठ धरणारी बाई जाते आणि मागोमाग 'सरता' हा शब्दही. कापसाची अखेरची वेचणी संपून वावर मोकळं होणं म्हणजे उलंगवाडी. कापसाच्या जागी सोयाबीन आलेल्या घरातल्या पोट्ट्याला ती कोण आणि कशी सांगणार? डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसाठी बोलींच्या सर्वेक्षणात गावोगावचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवले, हे फार मोलाचं काम. पण ध्वनिफितीतला डवरा वावरात चालत नाही. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात, भुलाबाईची गाणी होतात, तिथे निदान काही शब्द तोंडात राहतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. मराठीच्या प्राचीनतेची गोष्ट निघाली की 'लीळाचरित्र' पुढे येतंच, आणि त्याचं नातं अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी. मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आलं. त्याच जिल्ह्यात एखादं पोर वर्गात 'मले' म्हणालं की त्याला 'मला' म्हणायला लावतात. परीक्षेत 'मला' लिहायला शिकवावं, हे बरोबरच. 'मले' म्हणणाऱ्या आईची लाज वाटायला लावू नये.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिवारफेरी असते, तेव्हा शेतकरी प्रात्यक्षिकाच्या वाफ्यांमधून हिंडतात. तिथे एखादा कास्तकार तज्ज्ञांना अडवून विचारतो, "बोंडअयीले कोनती दवाई माराची, अन् कवा?" त्यावर कोणीही हसत नाही. औषध, प्रमाण, फवारणीची वेळ, सगळं त्याला त्याच्याच बोलीत सांगितलं जातं आणि तो पुढच्या वाफ्याकडे वळतो.